अनुभव : निरंक

दर गुरुवारी कुडाळच्या एस्टीने सरवदे वेंगुर्ल्यात उतरतात,
पाठीला सॅक, सॅकमध्ये कोऱ्या अर्जांचा गठ्ठा
आणि एक टाय, मुलांना दाखवण्यापुरता.
स्वतः कधी घालत नाहीत.
कॉलेजने त्यांना खोली दिली नाही,
म्हणून ते बसतात माझ्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत,
फॉर्मेलिनच्या बरण्यांखाली.
एका बाजूला नांगी तुटलेला खेकडा,
दुसऱ्या बाजूला सत्याऐंशी सालचं मोरीचं पिल्लू.

पहिलं वर्षभर आम्ही बोललो ते फक्त पंख्याबद्दल.
मला वाटायचं, हा माणूस मुलांना हसायला शिकवतो,
खुर्चीत किती टेकायचं, हात किती वेळ धरायचा.
त्यांना वाटत असणार, ही बाई
मेलेल्या माशांची लॅटिन नावं घोकून घेते
आणि परीक्षा झाली की मुलांना फाटकाबाहेर सोडून देते.
दोघांचंही थोडंफार खरं होतं.

मग दीक्षा खवणेकर.
तिसरं वर्ष. अक्षर मुंग्यांसारखं, एका ओळीत चालणारं.
सगळा अर्ज भरलेला, आणि 'अनुभव'पुढे
तिने लिहिलं होतं : निरंक.

सरवद्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.
"सकाळी काय करतेस गं?"
"काय नाय, सर. फाटफटी बंदरार जातंय, आयेवांगडा."
"जाऊन?"
"लिलावाक उभी रवतंय. आयेक आकडे जमनत नाय."

जाळ्यातून कुर्ली सोडवतात तसं,
एकेक पाय धरून, ते बाहेर काढत गेले :
कल्ले उघडून ती सांगते मासळी किती तासांची,
कुठल्या टोपलीला किती बर्फ,
कुठल्या दलालाकडे किती थकले.
वही सहा वर्षांची. भिजलेली, पण हिशेब कोरडे.

तीन वर्षं ती माझ्या पहिल्या बाकावर बसली.
मी तिला कल्ल्यांची आकृती काढायला लावली
आणि दहापैकी साडेसात दिले,
बाण तिरके होते म्हणून.

सरवदे बार्शीकडचे. त्यांना पेडवा काय, बांगडा काय.
"हे केवढं काम आहे ते मला कळत नाही," म्हणाले. "तुम्ही सांगा."
मला कळत होतं.
मी विचारलं मात्र नव्हतं कधी.

त्या दुपारी एका ओळीसाठी आम्ही भांडलो.
त्यांना हवं होतं 'गुणवत्ता नियंत्रण'.
मी म्हटलं, फुगवू नका, ती बघते तेच लिहा,
रंग, वास, तापमान, वेळ.
ते म्हणाले, वाचणारा एसीत बसलाय, बाई,
त्याला कल्ले कुठून दिसणार?
चहा गार झाला.
दीक्षा दोघांकडे पाहत राहिली, लिलावात पाहते तशी,
कोण किती वर जातो.
शेवटी तिनेच पेन घेतलं.

यंदा एक प्रात्यक्षिक बंदरावर घेतलं, पहाटे साडेपाचला.
सरवदे नाकाला रुमाल लावून कडेला उभे,
मुलं बोलतील ते टिपून घेत.
प्राचार्यांनी विचारलं, हे अभ्यासक्रमात कुठे बसतं?
आम्ही दोघांनी एकदम उत्तर दिलं,
दोन वेगळी उत्तरं.

दीक्षाला रत्नागिरीत नोकरी लागली, मासळीच्या कारखान्यात.
पगार सांगण्यासारखा नाही, तरी ती सांगते.
आल्विन डिसोजाला तीन ठिकाणी नकार आला.
त्याचा फोन आला की सरवदे व्हरांड्यात जातात
आणि बराच वेळ आत येत नाहीत.

आज गुरुवार. एस्टी मठच्या चढावर बंद पडलीय.
समोर गिरपांचा धाकटा,
'अनुभव'पाशी पेन थांबलेलं.
माझ्या जिभेवर पाठ्यपुस्तक येतं. मी गिळते.
"सकाळी काय करतोस रे?"
तो खिडकीबाहेर बघतो.
"काय नाय, मॅडम."

मी खुर्ची पुढे ओढते.